इथले मासे

मोंटानातल्या त्या डोंगरतळ्यात चाळीस वर्षांपूर्वी वर्लिननेच बाहेरचे ट्राउट मासे सोडले होते. हुकूम मत्स्यखात्याचा होता. गळ टाकणाऱ्यांची चंगळ झाली, पण त्या माशांनी तळ्यातले मूळचे, लाल गळ्याचे ट्राउट संपवले. आता मूळची जात परत आणायची म्हणून खात्याने पाण्यात विष घालून बाहेरचे मासे मारले. मेलेले मासे गोळा करायला निवृत्त वर्लिन आपणहून आला.

“कुणाची अक्कल शेण खायला गेली होती, हे इथे सोडायला?” तरुण अधिकारी रूथी म्हणाली.

“माझी,” वर्लिन म्हणाला.

ती ओशाळली. “पण मूळचे मासे येतीलच की आता परत, काका.”

“आणणार ते शेजारच्या नदीतले गं. इथले होते, ते गेले.”

त्याने जाळं पुन्हा पाण्यात घातलं.