मातामायची बांदी

दगडावर पाणी पडलं आणि अक्षरं उमटली. बायांनी हात जोडले, पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि शंभर-सव्वाशे माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"वाचा ना रामाजीभाऊ!"

गावात शाळकरी पोरंही वाचत होती, पण गर्दीत मोठ्यानं वाचायचा मान माझा. पंचेचाळिसाव्या वर्षी प्रौढ वर्गात पाटी धरलेला माणूस मी. तेव्हापासून एसटीचा फलक, खताची पिशवी, काडेपेटी, जे दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटायचो. कोणी विचारलेलं नसलं तरी. इथं तर साक्षात गावदेवी मातामायनं लिहिलं होतं. मी घसा साफ केला.

"ही बांधी... मातामायची!"

"जय हो!" गर्दी ओरडली. "बच्चा, हजार साल पुराना लेख है!" जलेश्वर महाराजांनी कमंडलू उंच धरला. वैनगंगेपलीकडून महिन्याभरापूर्वी आलेले हे महाराज. "तहानलेली अक्षरं आहेत ही! ऊन लागलं की झोपतात, जल मिळालं की बोलतात. शुक्रवारपर्यंत जागा देवीला सोडा, नाहीतर तलाव आटेल!"

मे महिना होता, साल चौऱ्याऐंशी. आरमोरीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावचा तलाव मे महिन्यात दरवर्षीच आटतो. हे मला त्या वेळी आठवलं नाही. वाचण्यात गुंग होतो ना!

दगड सापडला होता सुगंधाबाईच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं वावर. नवरा गेल्यावर ती आणि तिच्या दोन पोरी या एका तुकड्यावर जगत होत्या. तलावाचं पाणी सगळ्यात आधी तिथं यायचं. शेजारची बांधी लटारूची. लटारू हा महाराजांचा नवा शिष्य, आणि देवीच्या जागेची देखभालही तोच करणार होता.

सुगंधाबाई पुढे आली. "भाऊ, खरंच तसं लिवलं आहे?"

"मंग काय मी खोटं वाचून राह्यलो?"

"तसं नाई म्हटलं. तुमी वाचलं म्हणजे झालं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मायचं असन तं मी कोण ठेवणारी? शुक्रवारी देतो अंगठा."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त छाती फुगली होती.

त्याच आठवड्यात नागपूरहून एम.ए.ची दोन मुलं आमच्या गावी मुक्कामाला होती. चंदा आणि खुशाल. दोघं इतिहास शिकत होती, आणि आमचा तलाव कोणी खोदला, कधी खोदला, हे गावातल्या माणसांना सोबत घेऊन लिहून काढायचं, असं त्यांचं काम होतं. सोबत घ्यायला गावानं मला पुढे केलं. म्हणजे मीच पुढे झालो. त्यांची पद्धत मजेशीर होती. एकच गोष्ट तिघांनी वेगवेगळी लिहायची, मग शेजारी ठेवून जुळवायची. "जसं आहे तसं लिहा भाऊ," चंदा रोज बजावायची, "मनानं सुधारू नका." मी गावातल्या सगळ्या बांध्यांच्या नावांची यादी करून देत होतो. वळणदार अक्षरात, दोन्ही बाजूंनी समास सोडून.

दगडाची बातमी ऐकून खुशाल उडालाच. "हजार वर्षांचा शिलालेख! चंदा, आपली पीएच.डी. इथंच झाली समज!"

"आधी ठसा घे," ती म्हणाली.

महाराज दुपारी झोपतात, ही गावाला ठाऊक असलेली एकमेव सिद्धी. तेवढ्या वेळात आम्ही धुऱ्यावर गेलो. दगडावर पाणी शिंपडून तिघांनी अक्षरं आपापल्या कागदावर उतरवली. मग खुशालनं ओला कागद दगडाला चिकटवला, ब्रशानं ठोकून बसवला आणि शाईचा बोळा फिरवला. खोदलेलं असेल तेवढं कागदावर पांढरं राहतं म्हणे. पण कागद सगळा काळाच निघाला. एक काना नाही, एक मात्रा नाही.

"खोदलेलं काहीच नाही," खुशाल पडेल आवाजात म्हणाला. दगड उन्हात सुकला तसं त्यानं अक्षराच्या जागी नखानं खरवडलं आणि नख नाकाशी नेलं. "मेण आहे हे! मोहळाचं."

चंदानं समजावलं. पाण्यानं दगड भिजून काळा पडतो. मेण फासलेल्या जागी पाणी टिकत नाही, ती कोरडी, फिकट राहते. म्हणून अक्षरं दिसतात. कोरड्या दगडावर पातळ मेण कोणाच्या नजरेत भरत नाही.

मग आम्ही बाभळीखाली बसून तिन्ही कागद शेजारी ठेवले. तिन्हींवर तेच: 'ही बांदी मातामायची'.

खुशाल हसायला लागला. "बांदी म्हणजे दासी! म्हणजे मायला मोलकरीण पाहिजे. जमीन कुठं मागितली?"

मला काही कळेना. "यात हसाले काय झालं? बांदी अशीच तं लिवतात."

 चंदानं पिशवीतून माझी यादी काढली. मोठी बांदी. जांभळीची बांदी. सुगंधाबाईची बांदी. तीन पानं, चाळीस बांद्या. समास मात्र सुरेख.

"रामाजीभाऊ, रागावू नका," ती हळूच म्हणाली. "दगडावर तुम्ही लिहिलं का?"

आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर कोणी इतक्या बारकाईनं पाहिलं, आणि ते चोर म्हणून! मी शपथा घेतल्या. ती म्हणाली, "शपथ हा पुरावा नाही भाऊ. असं लिहायला तुम्ही कुठं शिकलात ते सांगा."

तेव्हा मला सांगावं लागलं. प्रौढ वर्गाचे मास्तर महिनाभर हिवतापानं पडले होते. तेव्हा वर्ग मी चालवला. आमच्या पुस्तकात अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं नव्हती; माझे जेमतेम 'म', 'झ', 'ब', 'द' झाले होते, 'ध' पुढच्या पानावर होता. पण गुरुजी म्हणवून घ्यायची घाई एवढी, की फळ्यावर 'माझी बांदी' लिहिलं आणि अकरा जणांकडून वीस-वीस वेळा घोटून घेतलं. मास्तर बरे होईस्तोवर वर्ग बंद पडला.

"म्हणजे ही देवी तुमच्या वर्गातली," खुशाल म्हणाला.

"अकरांपैकी कोण?" चंदा म्हणाली. "पुराव्याशिवाय नाव घ्यायचं नाही. पण चूक तुमची होती, हे गावापुढं तुम्हालाच सांगावं लागेल."

मी म्हटलं, "तुमीच सांगा ना. तुमी शिकलेल्या."

"वाचलं कोणी होतं भाऊ?"

शुक्रवारी सकाळी गर्दी दुप्पट होती. सुगंधाबाईपुढे कागद ठेवलेला, अंगठ्याला शाई लावायची तेवढी बाकी. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. 

"महाराज, मायले लिवता येते?"

"देवी को सब आता है, बच्चा!"

"मंग तिनं बांधी चुकीची काऊन लिवली? 'ध'च्या जागी 'द' काऊन?"

महाराजांनी लटारूकडे पाहिलं. लटारूचा चेहरा लाल झाला. "चुकीची कशी?" तो तावातावानं ओरडला. "तुमीच तं तसं शिकवलं होतं, गुरुजी!"

 मग मागून एका म्हातारीला हसू फुटलं, आणि मग सगळ्या धुऱ्याला. मी मेणाचं सांगितलं, माझ्या वर्गाचं सांगितलं, आणि मी न बघता 'बांधी' वाचलं हेही. चंदानं सकाळीच मेणानं अक्षरं काढलेला एक साधा दगड मध्ये आणला आणि लोटा सुगंधाबाईच्या हाती दिला. "ओता बाई."

अक्षरं उमटली. शाळेतल्या एका पोरीनं वाचली, "ही बांधी सुगंधाबाईची."

"हजार साल पुराना लेख!" कोणीतरी ओरडलं. महाराज 'कलियुग, कलियुग' पुटपुटत खडावा शोधत होते. लटारू खाली बसला तो उठेना.

सुगंधाबाईनं कागदाचे चार तुकडे केले. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "चुकलं माझं. रोज संध्याकाळी ये, तुले वाचाले शिकवतो."

"नको भाऊ," ती म्हणाली. "मी त्या चंदाबाईपाशी बसतो. तुमच्याच्यानं शिकली तं आणखी एक बांधी जायची."

ती चार दिवसांत बाराखडी शिकली. 'ध' तिनं मला काढून दाखवला.

तर वाचकहो, कोणी चमत्काराचं अक्षर दाखवलं तर हात जोडायच्या आधी विचारा: हे कोणी लिहिलं, कशानं लिहिलं, आणि लिहिणाऱ्याचा यात फायदा काय? अक्षर आहे म्हणून ते खरं होत नाही. खोटंही त्याच बाराखडीत लिहिता येतं. आणि मोठ्या आवाजात वाचून दाखवणारा माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्या हातातून कागद घ्या आणि स्वतः एकदा वाचा.