चार खुर्च्यांचं सलून

भिंगरी हे नाव आत्याने ठेवलं तेव्हा पोरगी जेमतेम महिन्याची होती आणि तिचे डोळे सारखे घरभर भिरभिरत असत. पाय मात्र तसे भिरभिरणार नाहीत, हे कळायला आणखी वर्ष गेलं. वेळेआधी जन्मलेलं लेकरू, मेंदूला थोडी इजा झालेली. सेरेब्रल पाल्सी, डॉक्टर म्हणाले. हुशारीत तसूभर कमी नाही, पण पायांचे स्नायू ताठ, गुडघे एकमेकांवर घासायचे आणि टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. नाव बदलायचं का, असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा आईने एकाच वाक्यात निकाल लावला, "माझ्या पोरीला नाव शोभतं."

आठव्या वर्षी भिंगरी बुटात पाऊल सरळ धरणारे स्प्लिंट घालून, वॉकर ढकलत पंधरा-वीस पावलं जायची. आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या हॉलमध्ये तिथल्या ताई तिला दोन समांतर दांड्यांच्या मधून चालवायच्या. आणि नेमकं त्या हॉलचं छप्पर गळायला लागलं. दुरुस्तीला दीड महिना.

"रोज अर्धा तास चालवा, दादा," ताई बाबाला म्हणाल्या. "धरायला काहीतरी भक्कम आणि समोर आरसा. नाहीतर वर्षभराची मेहनत पाण्यात."

घरात दोन खोल्या, त्यातली अर्धी जागा आईच्या शिवणयंत्राने अडवलेली. कुठे चालवायचं या विचारात बाबा दुकानात आला, दिवा लावला आणि स्वतःलाच हसला. बाबाचं सलून होतं. चार खुर्च्या एका ओळीत, पुढे-मागे भिंतभर आरसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसायचं. बाबाने फरशीवरचा केस न् केस झाडून काढला, कारण गुळगुळीत फरशीवर केस म्हणजे पाय घसरलाच. फिरत्या खुर्च्यांना लाकडी पाचरी ठोकल्या. एका खुर्चीची पाठ सोडली की दुसरीला हात पोचेल, एवढ्या त्या जवळ सरकवल्या.

पहिल्या दिवशी भिंगरी दुसऱ्या खुर्चीपर्यंत गेली आणि थांबली. हॉलमधल्या आरशात तिला गुडघ्यांखालचं तेवढं दिसायचं. इथे ती अख्खी दिसत होती, पुढून आणि मागूनही.

"बाबा, मी अशी चालते?"

"अशी म्हणजे कशी?"

"खेकड्यासारखी."

नाही म्हणावं असं बाबाच्या ओठांवर आलं होतं. पण समोर आरसा असताना खोटं कसं बोलायचं?

"थोडीशी," तो म्हणाला. "पण खेकडा पडलेला पाहिलायस कधी?"

भिंगरीने विचार केला, खुदकन हसली आणि तिसऱ्या खुर्चीकडे हात लांबवला.

चार दिवसांत मात्र ती कंटाळली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मधे काही घडतच नाही. पाचव्या दिवशी मास्तर भरदुपारीच दाढीला आले. निवृत्त माणूस, डोक्यावर मोजून चार केस. बाबाने साबण लावला आणि लक्षात आलं, टॉवेल पार पलीकडच्या टोकाला राहिलाय.

"मी आणते," भिंगरी म्हणाली.

तिला जायला-यायला आठ मिनिटं लागली. टॉवेल खांद्यावर, हात खुर्चीच्या पाठीवर, जीभ दातांत. मास्तरांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला.

"घाई करू नकोस गं," मास्तर म्हणाले. "माझे केस गेले तेवढे पुरे. मी कुठे जात नाही."

टॉवेल हातात आला तेव्हा त्यांनी मोठ्या माणसाला म्हणावं तसं "आभारी आहे" म्हटलं. भिंगरीची मान ताठ झाली. त्या दिवसापासून टॉवेल तिच्याकडे, मग पाण्याचा फवाराही. मास्तरांनी बाहेर काय सांगितलं कोण जाणे, पण ओसाड दुपारीही माणसं यायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात एक पाचर निसटली. खुर्ची गर्रकन फिरली आणि भिंगरी धपकन खाली बसली. बाबा वस्तरा टाकून धावला.

"उचलू नकोस! मला येतं."

आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीचा दांडा धरून एकेक पाय. बाबा हात मागे बांधून उभा राहिला. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं.

रात्री जेवताना भिंगरीनेच सगळं रंगवून सांगितलं.

"आणि तू काय करत होतास?" आईने बाबाला विचारलं.

"उभा होतो."

"शाबास," आई म्हणाली. ते कौतुक होतं की टोमणा, हे विचारायची बाबाची छाती झाली नाही. पण सकाळी तिने पाचरींना बांधायला कापडाच्या मजबूत पट्ट्या शिवून दिल्या.

पाचव्या आठवड्यात न सांगता ताई आल्या. बाकावर बसून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"दादा, तिची डावी टाच बघा."

टाच टेकत होती. दर वेळी नाही, पण टेकत होती. बाबा इतके दिवस तिचे हातच बघत राहिला होता.

"कोणता व्यायाम दिलात?"

"व्यायाम कसला, टॉवेल देते गिऱ्हाइकांना."

ताई हसल्या. बाबाने मग मनातलं विचारून टाकलं, "वॉकर सुटेल का हो?"

"घरात, वर्गात सुटेल बहुतेक. लांबच्या वाटेला लागेल, कदाचित कायमचाच."

बाबाने मान हलवली. त्याला वाटलं होतं हे ऐकून आपण खचू. खचला नाही.

हॉल पुन्हा सुरू झाला आणि भिंगरी तिथे जायला लागली. शनिवारी मात्र दुकान, ही तिची अट. अशाच एका शनिवारी, कल्ले किती ठेवायचे यावरून बाबाचा एका गिऱ्हाइकाशी वाद रंगला होता. वाद संपल्यावर त्याने टॉवेलसाठी हाक मारायला तोंड उघडलं, तर टॉवेल गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती होता आणि भिंगरी पलीकडच्या खुर्चीपाशी मास्तरांना विचारत होती, "पाणी गार हवंय का कोमट?"

ती कधी आली, कधी गेली, बाबाने पाहिलंच नव्हतं. त्याने कात्री उचलली आणि उजव्या कल्ल्याला हात घातला.