लपवलेल्या पुस्तकाची परीक्षा

चूपसाहेबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातली सहायक ग्रंथपालाची जागा रिकामी होऊन सात. ती तातडीने भरायची असं ठरलं होतं, म्हणून सातच लागली. जाहिरात निघाली, अर्ज आले, आणि निवड समितीवर एक जुनाजाणता माणूस हवा म्हणून चूपसाहेबांना पत्र गेलं. ते पत्र त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "अहो, कळलं. तुमच्यावाचून विद्यापीठाचं घोडं अडलंय. आता पाय वर घ्या, फरशी पुसायचीय."

चूपसाहेब हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. खरं म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत "चूप" हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला होता, तोही वाचनकक्षाचं उद्घाटन करताना मोठ्याने बोलणाऱ्या कुलगुरूंना उद्देशून. पण नाव पडायला एकदा पुरतं.

पत्रात लिहिलं होतं, की तोंडी मुलाखतीला ऐंशी गुण, प्रात्यक्षिकाला वीस, आणि प्रात्यक्षिक कोणतं घ्यायचं ते चूपसाहेबांनी ठरवावं. त्यांना ठरवायला काही लागलं नाही. लपवलेल्या पुस्तकाची परीक्षा! दुसरी कोणती?

ही परीक्षा मोठ्या साहेबांची. मोठे साहेब म्हणजे चूपसाहेबांच्या आधीचे ग्रंथपाल. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते एक पुस्तक त्याच्या जागेवरून काढत आणि भलत्याच कपाटात नेऊन ठेवत. दुसऱ्या दिवशी उमेदवाराला म्हणत, "माझ्या घरात एक पुस्तक वाट चुकलंय. एका तासात घेऊन या." ना नाव सांगत, ना विषय. म्हणत, "जागा चुकलेलं पुस्तक म्हणजे मेलेलं पुस्तक. ज्याला ते दिसतं तो ग्रंथपाल. बाकीचे नुसते पगारी."

छत्तीस वर्षांपूर्वी चूपसाहेब स्वतः त्या परीक्षेला बसले होते. तेव्हाचं ग्रंथालय त्यांना अजून डोळे मिटून चालता येत असे. पितळी कड्यांच्या शेकडो छोट्या खणांत बसवलेली, पुस्तकागणिक एक अशी नोंदीची तालिकापत्रं, हजारो बोटांनी कोपरे काळे पडलेली. चाकांची शिडी, जी एका विशिष्ट जागी आली की कण्हायची. डिंकाचा, जुन्या कागदाचा वास. तारखेचा शिक्का पुस्तकावर पडला की येणारा ठप्प असा आवाज, ज्यावर सारा वाचनकक्ष एका तालात पानं उलटत असे. हे सगळं तरुण चूपसाहेबांनी त्या तासात पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहतच राहिले. पंचावन्न मिनिटं अशीच गेली. पुस्तक काही दिसलं नाही.

लग्न होऊन चार महिने झाले होते. सासरे रोज संध्याकाळी "लागलं का कुठे?" असं विचारत, इतक्या प्रेमाने की अंगावर काटा यावा. उरलेल्या पाच मिनिटांत चूपसाहेबांनी भूगर्भशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक त्याच्या हक्काच्या जागेवरून उपसलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे स्वयंपाकाच्या पुस्तकांत सापडलं."

मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. पुस्तकाकडे पाहिलं. मग उमेदवाराकडे पाहिलं. मग पुन्हा पुस्तकाकडे. खूप वेळ पाहिलं. आणि म्हणाले, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र घरी आलं.

चूपसाहेब काय समजायचं ते समजले. साहेबांनी थाप ओळखली होती, आणि तरीही पोटात घातली होती! त्या उपकाराला जागायचं म्हणून ते पुढची तीस वर्षं राबले. रजा घेतली नाही, उशिरा आले नाहीत, फाटलेलं पान स्वतः चिकटवल्याशिवाय घरी गेले नाहीत. आपण का राबतो हे मात्र कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर, अर्जांच्या छाननीच्या दिवशी चूपसाहेबांनी सगळ्यांचा डोळा चुकवून एक पुस्तक लपवलं. पुस्तकाचं नाव आणि जागा चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवली. मुलाखती दुसऱ्या दिवशी व्हायच्या होत्या, पण कुलसचिवांची दाढ दुखू लागली. मग दाढ थांबली, तर बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या रंगवायला गेल्या. पाच आठवडे गेले. मुलाखतीच्या सकाळी चूपसाहेबांनी तोच शर्ट अंगात घातला, खिशात हात घातला, आणि त्यांच्या हाताला एक कडक, वळलेली गोळी लागली.

"अगं, खिशात चिठ्ठी होती!"

"होती. आता लगदा आहे. पाच आठवड्यांपूर्वी धुतला तो शर्ट, आज आठवण झाली?"

"काय लिहिलं होतं तिच्यावर?"

"मी कपडे धुते, वाचत नाही. वाचायचं खातं तुमच्याकडे."

चूपसाहेबांनी डोकं खाजवलं. आठवलं एवढंच, की पुस्तक जाड होतं, आणि ते ठेवायला वाकावं लागलं होतं, कारण गुडघा त्यानंतर दोन दिवस बोलत होता. तीन मजल्यांच्या ग्रंथालयात खालच्या कप्प्यातलं एक जाड पुस्तक. वा!

समितीत तिघे होते. कुलसचिव, चूपसाहेब, आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून आलेले एक वयस्क प्राध्यापक, जे प्रत्येक उमेदवाराला "छंद काय?" एवढंच विचारून पुन्हा डोळे मिटत. उमेदवारही तीन. पहिला सुवर्णपदकवाला. पदक त्याने आणलं नव्हतं, पण ते गळ्यात असल्यासारखा ताठ बसला होता. दुसरा कुलसचिवांचा भाचेजावई. हे कुणालाच माहीत नव्हतं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. आणि तिसरी हंगामी.

हंगामीचं खरं नाव कागदावर होतं, पण अकरा वर्षं हंगामी कर्मचारी असल्यामुळे ते कुणाला लागलं नव्हतं. अकरा वर्षांचा हंगाम कुठल्या पिकाचा असतो, कोण जाणे. दर अकरा महिन्यांनी एक दिवस तिची नोकरी जायची आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लागायची. मधल्या दिवशीही ती येऊन पुस्तकं लावायची, म्हणायची, "घरी बसून भिंती बघू?" पहिली पाच वर्षं ती चूपसाहेबांच्या हाताखाली होती. पुस्तक कप्प्यात सारताना ती शेवटी दोन बोटांनी त्याची पाठ हलकेच दाबायची, झोपलेल्या मुलाला पांघरूण सारखं करावं तशी. पुढच्या महिन्यात ती वयाची अट ओलांडणार होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. चूपसाहेबांना ही जागा तिलाच मिळायला हवी होती, म्हणूनच त्यांनी तोंडी मुलाखतीत तिला सगळ्यांत अवघड प्रश्न विचारले. ओळखीची म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. तोंडी गुण तिघांचे जवळपास सारखे झाले. सगळं येऊन अडलं ते वीस गुणांवर.

अकरा वाजता तिघांना सोडलं. "ग्रंथालयात एक पुस्तक चुकलंय," चूपसाहेब म्हणाले. "एका तासात घेऊन या." मोठ्या साहेबांची खुर्ची, मोठ्या साहेबांचं वाक्य. फक्त मोठ्या साहेबांना उत्तर ठाऊक असायचं.

वीस मिनिटांत सुवर्णपदकवाला हजर. टेबलावर एक जाड इतिहास ठेवून म्हणाला, "सर, हा गणितात होता."

चाळीस मिनिटांनी भाचेजावई आला. तोंडाला चहाचा वास, हातात मासेपालनावरचा ठोकळा. "हे पुस्तक, सर... तिकडे होतं."

"तिकडे कुठे?"

"तिकडच्या बाजूला."

कुलसचिव पुढे झुकले. "काय साहेब, कुठलं बरोबर?"

चूपसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. पुस्तकांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. दोन्ही पुस्तकं जाड होती. ठेवताना वाकावं लागेल अशी होती. "तिघेही येऊ द्या," ते म्हणाले.

बारा वाजले तशी हंगामी आली. कोपरांना धूळ, कपाळावर घाम, हात रिकामे.

"नाही सापडलं, सर."

"नाही?"

"चुकलेली नऊ सापडली. ती लावली जागेवर. पण तुमचं त्यांत नसणार."

"कशावरून?"

"ती विद्यार्थ्यांनी चुकवलेली होती, सर. ते आळसाने शेजारच्या कप्प्यात कोंबतात. तुम्ही मुद्दाम ठेवणार, म्हणजे दूर कुठेतरी. दोन मजले झाले बघून. तिसऱ्याला वेळ पुरला नाही." मग टेबलावरचा इतिहास तिला दिसला. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली. हात पुढे करून ती म्हणाली, "याचं काम झालं असेल तर नेऊ का? सकाळीच लावला होता मी. लोक मागतात."

ती बाहेर गेली. कुलसचिवांनी पेनचं टोपण काढलं. "म्हणजे तिला शून्य. वाईट वाटतं, पण नियम तो नियम. आता भाचे... म्हणजे उमेदवार क्रमांक दोन—"

"लिहू नका," चूपसाहेब म्हणाले.

"का?"

आता बोलावं तर सव्वा लाखाची मूठ उघडणार. गप्प बसावं तर हंगामीचा हंगाम आजच संपणार. मोठ्या साहेबांचं ते खूप वेळ पाहणं त्यांना आठवलं.

"उत्तर मलाच माहीत नाही," ते म्हणाले. "चिठ्ठी धुण्यात गेली. पण मी पुस्तक एकच लपवलं होतं आणि इथे दोन आली. इतिहास तर सकाळीच जागेवर लावलेला होता, ते आत्ता ऐकलंत. आणि मासेपालन कुठून आलं, ते आणणाऱ्यालाही सांगता येत नाही. थाप कशी मारतात ते मी ओळखतो. छत्तीस वर्षांपूर्वी याच टेबलापुढे उभं राहून मी हेच केलं होतं. भूगर्भशास्त्र आणलं होतं. तीन माणसांत खरं बोलली ती एकटी, आणि तिला शून्य?"

खोलीत अशी शांतता पसरली की चूपसाहेबांना नाव सार्थ झाल्यासारखं वाटलं.

"अहो," कुलसचिव कळवळून म्हणाले, "हे मी इतिवृत्तात कसं लिहू?"

"घडलं तसं."

"घडलं तसं लिहायची आपल्याकडे पद्धत नाही! आणि मग तुमची स्वतःची नेमणूक—"

"रद्द करा. काढून टाकायला मी आता उरलोय कुठे?"

तेवढ्यात बाहेरच्या तज्ज्ञांनी डोळे उघडले. सकाळपासून त्यांनी छंदाखेरीज काही विचारलं नव्हतं. "थापा मारणाऱ्यांना शून्य," ते म्हणाले. "नऊ पुस्तकं जागेवर लावणारीला वीस. आणि विसरणाऱ्याला चहा. मलाही सांगा." आणि पुन्हा डोळे मिटले.

दोन विरुद्ध एक. कुलसचिवांनी थोडा विचार केला. समितीत भांडण झालं असं लिहिलं तर पुन्हा जाहिरात, म्हणजे पुन्हा सात वर्षं, आणि तोवर घरी रोज भाचेजावयाचा विषय. त्यांनी सही केली. "मला आज घरी तोंड दाखवायचंय, एवढं लक्षात असू द्या," ते म्हणाले, आणि दाढेवर हात धरला.

आठ दिवसांनी चूपसाहेबांकडे फोन वाजला.

"सर, सापडलं," हंगामी म्हणाली. आता ती हंगामी नव्हती, पण नाव बदलायला आणखी अकरा वर्षं लागणार हे उघड होतं.

"कुठे?"

"ग्रंथालयशास्त्राच्या कपाटात. सगळ्यांत खालच्या कप्प्यात, मागच्या ओळीत."

चूपसाहेबांनी कपाळावर हात मारला. खरंच की! त्या कपाटाला आजवर एकाही ग्रंथपालाने हात लावला नव्हता. दर वर्षी पुस्तकांची मोजदाद व्हायची तेव्हा ते कपाट तसंच सोडून पुढे जात. आपलंच शास्त्र, त्यात काय मोजायचं? तीस वर्षं त्या मोजदादीवर सही करणारे चूपसाहेबच होते. दिव्याखाली अंधार असतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर पुस्तक तिथे लपवलं होतं.

"पण सर, तिथे आणखी एक आहे. तुमच्या पुस्तकाच्या अगदी शेजारी. पक्ष्यांच्या अंड्यांवरचं. यादीत छत्तीस वर्षं गहाळ दाखवलंय. आत चिठ्ठी आहे."

"कुणाची?"

"अक्षर मोठ्या साहेबांचं असणार. जुन्या तालिकापत्रांवर असतं ना, तेच, तिरपं. तारीख..." तिने तारीख वाचली. चूपसाहेबांच्या मुलाखतीच्या आदल्या दिवसाची होती.

"काय लिहिलंय?"

"'उद्याच्या परीक्षेचं पुस्तक हेच. इथे ठेवलं आहे. विसरू नये.'"

चूपसाहेबांच्या डोळ्यांसमोर मोठे साहेब आले, चष्मा कपाळावर, भूगर्भशास्त्राकडे खूप वेळ पाहणारे. मग त्यांना हसू फुटलं, असं की भिंतीला टेकावं लागलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

"काय झालं हो?" बायको आतून आली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. सासऱ्यांसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला कुणी माफबिफ केलंच नव्हतं?"

"नाही."

"आणि तीस वर्षं एक रजा न घेता राबलात ते?"

"ते असंच."

"असंच कसं," ती म्हणाली. "ग्रंथालय बरं चाललं की." आणि मग थोड्या वेळाने, "माझ्या बाबांना मात्र तेव्हाच शंका आली होती."

फोनमधून आवाज आला, "सर? दोन्ही पुस्तकं जागेवर लावू का?"

"माझं लावा," चूपसाहेब म्हणाले. "अंड्यांचं राहू द्या. ते मला आणायचंय. मी निघालोच. एका तासाच्या आत पोचतो."

त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला आणि अंगात घातला. दारापर्यंत पोचले तोवर बायकोने मागून त्यांचा खिसा चाचपून पाहिला. रिकामा होता.

"ती चिठ्ठी घरी आणणार असाल," ती म्हणाली, "तर सरळ माझ्या हातात द्या."