पहिल्या पंगतीत रुख्मिणी

सेलूच्या कापूस बाजारात जन्मभर हमाली केलेला सटवाजी गल्लीतल्या नळावर बायकोची लुगडी धुतो, ही बातमी पसरायला एक सकाळ पुरली. रुख्मिणीचं डावं अंग लुळं पडलं होतं. सून करायला तयार होती, पण सटवाजीनं तिला बजावलं होतं, "हिचं मी बघतो."

नळावर बाया पदराआड हसायच्या. थोरला चुलतभाऊ भगवानराव तर तोंडावरच म्हणाला, "सटवा, आपल्या घराण्यात गड्यानं कधी लुगडं पिळलं न्हाई."

"मंग मी पिळायलोय की आता," सटवाजी म्हणाला.

सगळ्यांत जास्त लाज रुख्मिणीलाच वाटायची. "लोक हासायलेत तुमाला," ती वाकड्या झालेल्या तोंडानं कसंबसं बोलायची.

"चाळीस वर्षं माजी घामट कापडं तू धुतली. तवा कुणी हासलं का?"

तो तिचं तोंड पुसायला गेला की ती तोंड फिरवायची.

भगवानरावच्या नातीचं लग्न निघालं. बोलावणं करायला आला तेव्हा तो म्हणाला, "तू ये. तिला राहू दे घरी. पाव्हण्यांत बरं दिसत न्हाई."

सटवाजीनं सरळ ऑटो सांगितला. रुख्मिणीला नवं लुगडं नेसवताना दोनदा निऱ्या चुकल्या, दोन्ही वेळा सोडून पुन्हा घातल्या. मांडवात पहिली पंगत गड्यांची बसत होती. त्यानं तिला उचलून आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि पाठीला उशी लावली.

वाढपी जागच्या जागी थांबले.

"बायांची पंगत मागून हाय," भगवानराव म्हणाला. "उठीव तिला."

"तिला मी भरवतो. माज्याच संगं जेवंल ती."

"चारचौघांत? शरम हाय का काही?"

"न्हाई."

भगवानरावचा धाकटा मुलगा दत्ता बुंदी वाढत येत होता. बापाकडं बघत त्यानं रुख्मिणीची पत्रावळ सोडली आणि पुढं सरकला. सटवाजीनं आपलीही पत्रावळ बाजूला सारली. "चल, घरी जाऊ."

रुख्मिणीनं उजव्या हातानं त्याची बाही धरली. ज्या मोठ्या दिरासमोर तिनं कधी मान वर केली नव्हती, त्याच्या देखत ती बोलली. शब्द फुटायला वेळ लागला, पण सगळी पंगत थांबून ऐकत होती.

"म्या उठत नसते. दत्ता, तुजी माय बाळंतपणात आजारी होती. तवा तुला म्या अंगावर पाजलंय. वाढ."

दत्ता मागं फिरला. त्यानं वाढलं, दोनदा वाढलं.

चार-पाच जण पत्रावळी सोडून उठले. भगवानराव तरातरा मांडवाबाहेर गेला. बाकीचे जेवत राहिले. सटवाजी एक घास तिला भरवायचा, एक स्वतः खायचा. तिच्या हनुवटीवर ओघळलेलं वरण त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

भगवानराव अजून सटवाजीशी बोलत नाही. पुढच्या आठवड्यात जिंतूरला भाचीच्या पोराचं बारसं आहे. सटवाजीनं विचारायच्या आधीच रुख्मिणी म्हणाली, "सकाळच्या एसटीनं जाऊ. म्हंजी पुढं जागा भेटंल."