मोठ्या ढोलामागचे पाय

लहान मुलांना परेड जरूर दाखवावी. त्यातून शिस्त, समाजभान आणि सामूहिक आनंदाची जाणीव कोवळ्या वयातच रुजते. आम्ही आमच्या तीन वर्षांच्या मुलीला नेलं ते हेरगिरीसाठी.

संशय सासूबाईंचा. सासरे पाणीपुरवठा खात्याच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. नुकतंच त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. "ढोल उचललात तर माझ्याकडे येऊ नका, परस्पर वरच जा," असं डॉक्टरांनी बजावलं आणि सासऱ्यांनी मुकाट्याने मान डोलावली. घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

"जन्मात माझं एक ऐकलं नाही, आणि डॉक्टरचं लगेच पटलं?" सासूबाई म्हणाल्या. "आज म्हणे, तुम्ही जा, मी जरा पडतो. हा माणूस गुपचूप जाऊन ढोल बडवणार आणि रस्त्यातच आडवा होणार."

मोठ्या ढोलाची अडचण अशी, की वाजवणारा दिसत नाही. वर टोपी, खाली पाय, मध्ये सगळा ढोल. म्हणून पोरीला माझ्या खांद्यावर चढवलं होतं. ढोलामागे आजोबा दिसले की तिने सांगायचं.

"आजोबा!" ती ओरडली. समोर अग्निशमन दलाचा बंब होता. मग तिला नर्सेसच्या रांगेत आजोबा दिसले. मग एका घोड्यात.

"काय पण साक्षीदार आणलाय," बायको पुटपुटली.

"तुझ्या आईची निवड," मी म्हणालो.

तेवढ्यात बँड आला. सासूबाईंनी कान टवकारले. "हा ठोका त्यांचाच! बघ, दर वेळी किंचित उशिरा पडतो."

"आजोबा!" पोरीने दुजोरा दिला.

झालं. सासूबाई दोरखंडाखालून आत घुसल्या आणि त्यांनी वाजवणाऱ्याचं मनगट धरलं. "मरायचंय का? चला घरी!"

ढोलामागून आमच्याकडे पाण्याचं मीटर वाचायला येणारी मुलगी डोकावली. "अहो काकू, हळू! थर्माकोल आहे, तुटेल ना!"

तिचा हात सासूबाईंच्या मुठीत होता आणि ढोल मात्र वाजतच होता. आवाज मागच्या टेम्पोतल्या स्पीकरमधून येत होता.

घरी आलो तर सासरे खरोखरच पलंगावर पडले होते. सासूबाईंनी आधी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघितला, मग तो हात कमरेवर गेला.

"हे थर्माकोल कधीपासून?"

"झाली की सात-आठ वर्षं. सगळ्यांच्याच पाठी दुखायच्या. गाणी बाजारातून आणली."

"मग डॉक्टरला का नाही सांगितलंत?"

"बँडची अब्रू जाते."

सासूबाईंना सुटल्यासारखं वाटलं असावं, पण तेवढ्यात त्यांचे डोळे पुन्हा बारीक झाले. "आणि रोज संध्याकाळी सराव म्हणून जात होतात, तो कसला?"

"पत्ते," सासरे म्हणाले.