पत्त्याचा रकाना

मला उघडताय ना, मग जरा बेताने. पाठीची शिवण सुटलीय माझी. मी ऑलरवेल गावच्या चर्चची दफनाची वही. यॉर्कशरमधलं हे लहानसं गाव, आणि तिथलं माणूस सगळीकडून फिरून शेवटी येतं ते माझ्याकडे.

एका पानावर आठ ओळी. नाव, पत्ता, तारीख, वय आणि माती देणाऱ्या पाद्रीबाबांची सही. माणूस कशाने गेला हे लिहायला माझ्यात जागाच नाही. छापणाऱ्याला सुचलं नसेल, किंवा मुद्दामच ठेवली नसेल, कोण जाणे.

चर्चमागच्या खोलीत लोखंडी पेटी होती. त्यात आम्ही तिघी: लग्नाची वही, बारशाची वही आणि मी. त्या दोघी मला जरा टरकूनच असायच्या. तरी गप्पा व्हायच्या. एकदा लग्नाची वही म्हणाली, "आज एझ्रा ओल्डरॉइडचं लग्न लागलं. तो बेकरीवाला, माल्टहाउस गल्लीतला. बायको थर्झा नावाची. सही येत नाही बिचारीला. नुसती फुली मारली."

वर्षभरात बारशाची वही खुशीत आली. बेकरीवाल्याला मुलगा झाला होता. नाव एझ्रा. दुकानाच्या पाटीवर तीन पिढ्या तेच नाव होतं, तेव्हा थोरल्याला दुसरं नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता.

सात महिन्यांनी तो एझ्रा माझ्याकडे आला.

मग दुसरा मुलगा झाला. पाटी तीच, म्हणून नावही तेच. तोही माझ्याकडे आला, नऊ महिन्यांचा होऊन. तिसऱ्या खेपेला बारशाची वही म्हणाली, "अगं, परत एझ्राच!" मी म्हणाले, "ठेवते बाई एक ओळ राखून." थट्टेत म्हणाले हो मी. जीभ झडो माझी. सहा महिन्यांत ती ओळ भरली.

गावातल्या बायका कुजबुजू लागल्या. मेलेलं पोर आपलं नाव परत मागायला येतं म्हणे. नाव बदला, पोर जगेल. मलाही ते पटलं होतं. माझ्या पोटात तीन-तीन एझ्रा ओल्डरॉइड निजलेले, मला दुसरं काय वाटणार?

आमच्याकडे दफनाला आलेल्यांना बिस्किटं वाटतात. पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, वर काळ्या लाखेची मोहर. ती बेकरीतून यायची, आणि घेऊन यायची थर्झाच. त्यामुळे कुणाचंही दफन असो, थर्झा हजर. माझ्याशेजारी टोपली ठेवून उभी राहायची. अंगाला ताज्या पावाचा खमंग वास. त्या वासाची मला पुढे पुढे भीती वाटायला लागली.

चौथ्या वेळी ती पोटुशी होती, सहावा महिना असेल. एक दुपार. कुणाचंसं तान्हं पोर पुरून मंडळी पांगली होती. चर्चचे म्हातारे कारकून ओबेद ग्राइस मला मिटायला लागले, तेवढ्यात ती म्हणाली, "ग्राइसकाका, मला वाचून दाखवाल? माझी तिघं."

"कशाला गं पोरी, जखमेवरची खपली काढतेस?"

"वाचा ना. मला कुठं येतंय?"

त्यांनी वाचलं. मग तिने आधीच्या-नंतरच्या ओळींतली पोरंही वाचायला लावली. ग्राइसकाका नुसती नावं वाचत होते, तर ही म्हणाली, "पत्ताही वाचा."

"माल्टहाउस गल्ली. माल्टहाउस गल्ली. चर्च रस्ता. माल्टहाउस गल्ली. बाजारचौक."

ती बोटांवर मोजत गेली. त्याच गल्ल्या, तेच रस्ते. रोज सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती ज्या दारांत उभी राहायची, तीच दारं होती ती.

"काका, मिल एंडची मुलं कुठंयत?"

"काय?"

"मिल एंडच्या वस्तीत घराघरांत पाच-पाच पोरं आहेत. ती कशी नाहीत यात?"

ग्राइसकाका हसले. "मिल एंडची पोरं कसली मरतायत! ओटच्या पेजेवर वाढलेली दांडगी जात. तुमचा पांढराशुभ्र पाव त्यांना परवडतो थोडाच?"

ते घंटेची दोरी बांधायला बाहेर गेले. मी उघडीच होते. थर्झा माझ्यावर वाकली. अक्षर ओळखीचं नाही, तरी डोळे ओळीवरून फिरत होते. मग ती बोलली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"तुरटी मीच कुटते गं. खडू मीच चाळते. पाव पांढरा दिसावा म्हणून. रोज, या हातांनी."

आणि तोच पाव पाण्यात शिजवून, साखर घालून, त्याची पेज तान्ह्यांना भरवायची गावाची रीत. थर्झाने स्वतःच्या तिघांनाही तीच भरवली होती. अंगावर पाजायला तिला वेळ कुठला? पहाटेपासून भट्टी, मग टोपली. मोठ्या माणसांची पोटं दुखायची, पण ती तगायची. तान्ही माझ्याकडे यायची.

तिने पोटावर हात ठेवला. "सांगितलं तर एझ्राला धरून नेतील. दुकान जाईल. मला कंगालांच्या वर्कहाउसात टाकतील, आणि तिथं हे जगेल होय?" असं म्हणून तिने मला स्वतः मिटलं. फार हळू मिटलं.

मला वाटलं होतं, ही बोलेल. आज नाही तर उद्या. मुलगा होऊ दे, मग बोलेल.

मुलगा झाला. नवऱ्याशी भांडून तिने त्याचं नाव जोनस ठेवलं. त्याला अंगावर पाजलं, आणि दात आल्यावर मिल एंडहून ओट आणून पेज भरवली. बेकरीवाल्याची बायको बाहेरून ओट का आणते, असं लोकांनी विचारलं, तर म्हणाली, पोराचं पोट नाजूक आहे. जोनस वर्षाचा झाला, दोन वर्षांचा झाला. गावभर झालं, बघा, नाव बदललं आणि पोर वाचलं!

पाव तोच होता. टोपली तीच, दारं तीच.

पुढच्याच हिवाळ्यात माल्टहाउस गल्लीतल्या हॅना सग्डेनची दुसरी मुलगी माझ्याकडे आली. नाव लेटिस, पहिलीचंही तेच होतं. माती देऊन झाल्यावर हॅना त्या खोलीत शिरली आणि तिने थर्झाचे दोन्ही हात धरले.

"थर्झा, तुझं जगलं. माझं कसं जगेल ते सांग गं. तू काय केलंस? नुसतं नाव बदललंस ना?"

मी टेबलावर उघडी होते. शाई ओली होती. मला वाटलं, आता. आता तरी बोल, बये.

थर्झाने दाराकडे बघितलं. बाहेर तिचा जोनस थडग्यांमधून पळत होता, त्याचं हसू आत ऐकू येत होतं.

"हो," ती म्हणाली. "नाव बदलून बघ."

आणि तिने हॅनाच्या हातात बिस्किटाची पुडी ठेवली.

हॅनाने पुढच्या मुलीचं नाव प्रुडन्स ठेवलं. दहा महिन्यांची, माल्टहाउस गल्ली. उलटा पान, दिसेल.

माझी पानं भरत आली, पेटी बदलली, उंदरांनी कोपरे खाल्ले. थर्झाही शेवटी माझ्याच शेवटच्या पानावर आली, एकाहत्तर वर्षांची होऊन. तिला माती द्यायला अख्खी गल्ली लोटली. पुण्यवान बाई म्हणाले. ते लिहायलाही माझ्यात रकाना नाही, हे एक बरं झालं.

आता मी शहरातल्या दप्तरखान्यात असते. इथे मला मऊ उशीवर निजवतात, पानं उडू नयेत म्हणून वर वजनाची माळ ठेवतात. आज रोवेना नावाची एक बाई आलीय. जोनसच्या नातवाची नात. सकाळपासून माझ्यात थर्झाला शोधतेय.

"सापडली!" ती दप्तरखान्यातल्या मुलीला म्हणाली. "आणि हे बघ, तीन एझ्रा. मग नाव बदललं आणि आमचे जोनसआजोबा वाचले. घरात अजून सांगतात. त्या एका नावावर आम्ही सगळे उभे आहोत बघ!"

हसली. तिचं हसू अगदी त्या पोरासारखं आहे.

मग बेकरीचं घर कुठलं ते बघायला तिने बोट पत्त्याच्या रकान्यावर नेलं. माल्टहाउस गल्ली. बोट खाली सरकलं. माल्टहाउस गल्ली. वयाकडे बघितलं, आठ महिने. पान उलटलं. चर्च रस्ता, सहा महिने. माल्टहाउस गल्ली, प्रुडन्स सग्डेन. ती आता हसत नव्हती. गावाचा जुना नकाशा जवळ ओढून तिने त्यावर पेन्सिलीने एकेक ठिपका दिला. नकाशाचा एक कोपरा पांढराच राहिला.

"ऐक ना," ती त्या मुलीला हळूच म्हणाली, "मिल एंडची मुलं कुठंयत?"

रोवेना, हा प्रश्न मी याआधी एकदा ऐकलाय गं. तुझ्याच रक्ताच्या बाईने विचारला होता, आणि उत्तर कळल्यावर मला मिटून ती घरी गेली होती. तू मला एवढ्यात मिटू नकोस.