कुठे अडलंय?

ऐका ना, तो कुलूपवाला म्हणजे नुसता जादूगार! चावी हरवू दे, मोडू दे, कुलूप गंजून दगड होऊ दे. हा तार घालणार, कान लावणार आणि खटाक! घरी लेक, गोटी, तिसरीतली. डब्याचं झाकण उघडेना? बाबा! नाडीला गाठ बसली? बाबा! गणित? बाबाच! आणि हा असा हौशी, की तिनं हाक मारायच्या आत याचा हात पुढे.

एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे हो. पण जरा अडलं की पेन्सिल खाली आणि डोळ्यांत पाणी. परवा म्हणते, मला शाळेतच यायचं नाही, इथं बाबा नसतो."

झालं! हा खुर्चीतून उठलाच. "मग मी काय करू, बाई?"

"काहीच करू नका. हात खिशात घाला आणि एवढंच विचारा, कुठे अडलंय? 'येत नाही' हे उत्तर चालायचं नाही. नेमकं कुठे अडलं ते तिला शोधू द्या."

बोलायला सोपं हो! गोटी दप्तराच्या चेनशी झटापट करतेय आणि हा खिशात मुठी आवळून उभा, जसं काही कुणी याचाच दात उपटतंय.

"कुठे अडलंय?"

"चेन अडलीय!"

"चेनीत कुठे?"

ती फुगली, रडली, पाय आपटले. मग नाक पुसत वाकून बघितलं. "बाबा, दोरा अडकलाय!" आणि काढला की! तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता.

मग काय, तिला नादच लागला. भेटेल त्याला तेच विचारायचं. आत्या राहायला आली, पिशव्या खाली ठेवून सुस्कारे टाकतेय, तर ही विचारते, "आत्या, तुझं काय अडलंय गं?"

आत्या लालबुंद. "ऐकलंस? माझं काय अडलंय म्हणे! माझं काही अडलेलं नाही तुमच्या घरात! ही मी निघाले!"

"अगं ताई, शाळेत शिकवतात तसं!"

"असलं शिकवतात?"

तिला थांबवता थांबवता कुलूपवाल्याच्या नाकी नऊ आले.

आणि त्याच आठवड्यात, आई कामावर, हा लांब कुणाचं तरी शटर उघडायला गेलेला, आणि आत्याचा फोन. "अरे, गुंडूनं बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावून घेतली! आत बादली भरलेली आहे रे!"

गुंडू म्हणजे गोटीचा भाऊ, दोन वर्षांचा. बादली बघितली की आत डोकं घालणारा.

यानं हातातली तार तिथंच टाकली. ती कडी यानंच बसवलेली. गोटी लहान असताना तिचा हात पोचावा म्हणून मुद्दाम खाली. बाहेरून ना भोक, ना फट. गावभरची दारं उघडणारा माणूस, आणि स्वतःच्या दारापुढे ठार अडाणी! गाडीकडे पळत सुटला. "शेजाऱ्यांना बोलाव, दार तोडा, मी आलोच!"

तेवढ्यात फोनवर गोटी. "बाबा, तुझं कुठे अडलंय?"

"अगं, कडी आतून आहे! माझा हात पोचत नाही!"

"माझाही नाही. पण गुंडूचा पोचतो की! त्यानंच तर लावली."

याच्या डोक्यातच आलं नव्हतं बघा! जन्मभर कुलपाकडेच बघत आला. दाराआड माणूस असतो, त्याचेही हात असतात, हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

"त्याला उघड म्हटलं, तर तो हसतोय," गोटी म्हणाली. "थांब हं. तो माझी नक्कल करतो ना, तसं करते." आणि तिनं दाराची बाहेरची कडी सरकवायला सुरुवात केली. खट्ट लाव, खट्ट काढ. "गुंडू, मी बघ! खट्ट!"

आत पाण्याचा डुबुक आवाज. आत्यानं दाराला कान लावला. पुन्हा, "खट्ट!"

मग आतून बोबडं, "खत्त!" आणि कडी सरकली. तरी दार उघडेना!

"अगं, आता तुझी कडी काढ!" आत्या किंचाळली. गोटीनं बाहेरची कडी लावूनच ठेवली होती!

दार उघडलं. गुंडू चिंब, हातात मग, आणि खूश. फोनच्या या टोकाला कुलूपवाला रस्त्याच्या कडेला गाडीला टेकून हमसून हमसून रडत होता.

त्या संध्याकाळी त्यानं ती कडी काढून वर बसवली. गोटी म्हणाली, "आता मी कशी लावू?" यानं तोंड उघडलं, मिटलं, हात खिशात घातले. ती आपणहून स्टूल घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोटीला सोडायला शाळेत गेला आणि वर्गाच्या दारातच थांबला. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

"बाई, तुमच्यामुळे... म्हणजे तुम्ही जे..." पुढे शब्दच येईना.

बाई घाबरल्या. "काय झालं हो?"

गोटीनं मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं, मग बाईंना म्हणाली, "काही नाही बाई. बाबाचं गळ्यात अडलंय."